ऑप्शनला टाकलेलं प्रकरण

नवरा बोटीवर गेला की पहिले दोन दिवस मला फार बरं वाटायचं, हे आधीच कबूल करून टाकते. कपडे जागच्या जागी, टीव्ही बंद, नुसता वरणभात लावला तरी कुणी नाक मुरडायला नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र घर खायला उठायचं. तो मरीन इंजिनिअर. सिंगापूरच्या बंदरातून जहाजावर चढला की चार-चार महिने तोंड दिसायचं नाही. मध्ये कुठल्यातरी बंदरातून फोन यायचा, तोही घाईघाईत, आणि त्यातला निम्मा वेळ 'आवाज येतोय का' यातच जायचा.

आम्ही क्लेमेंटीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो, बाराव्या मजल्यावर. मूलबाळ नाही. त्याबद्दल आम्ही दोघं इतकं बोललो होतो की आता बोलायला काही उरलं नव्हतं. माझ्याकडे डिपेंडंट पास, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीला बांधलेली मी. पुण्यात बँकेत बारा वर्षं काढलेली बाई इथे दुपारी दोन वाजता एकदम दचकायची, की अरे, सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. मग मी उगाच खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, जाऊन कॉफी मागायचे. कॉफीवाला विचारायचा, साखर कमी का. मी म्हणायचे, कमी. झालं आमचं संभाषण.

मराठी मंडळी नव्हती असं नाही. गणपतीला, संक्रांतीला मी जायचे. बायका सगळ्या चांगल्याच होत्या, पण बोलणं फिरून फिरून मुलांच्या शाळांवर यायचं, आणि तिथे आलं की मी उठून ताटल्या गोळा करायला लागायचे. कुणीतरी म्हणायचं, "बसा हो, किती काम कराल." मी हसायचे. परत येताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, इतकं एकटं वाटायचं की नवऱ्याचा रागच यायचा, जसं काही तो मुद्दाम समुद्रावर जाऊन बसलाय.

अशाच एका रिकाम्या दुपारी लायब्ररीत मला एक पत्रक दिसलं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची कायद्याची पदवी. अभ्यास घरी, परीक्षा इथेच, आणि शनिवारी एका खाजगी संस्थेत शिकवणी. माझं वय तेव्हा बेचाळीस. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "घे की. तुझा वेळ जाईल." हे ऐकून माझं डोकंच फिरलं. वेळ जावा म्हणून कुणी कायदा शिकतं का, असं त्याला ठणकावलं. पण खरं सांगायचं तर वेळ जावा म्हणूनच मी नाव घातलं होतं.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी वर्गात सगळी पंचविशीतली पोरं. मागच्या बाकावर एक चिनी बाई बसली होती, पन्नाशी ओलांडलेली, केस बारीक कापलेले, पायात नर्सचे पांढरे बूट. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. नोव्हेनाच्या एका मोठ्या इस्पितळात ती सीनियर नर्स होती. पाळी संपवून तशीच यायची. मी तिला सिस्टर म्हणायला लागले आणि ती मला टीचर. ते चिडवणंच होतं, कारण वर्गात सर काही सांगायला लागले की मी आधीच मान डोलवायचे. ती बोलायची इथल्या ठसक्याच्या इंग्रजीत, पण मला आता तिचं सगळं बोलणं मराठीतच आठवतं. त्याला काय करू.

सिस्टरला लहानपणापासून वकील व्हायचं होतं. पाठचे तीन भाऊ शिकवायचे होते म्हणून ती सतराव्या वर्षी नर्सिंगला गेली. भाऊ शिकले, पांगले. ही आईला घेऊन पासिर रिसला राहिली, लग्न केलं नाही. इस्पितळात म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी नातेवाईक सह्यांवरून भांडतात, आणि बिछान्यातल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, हे तिने तीस वर्षं पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर अशा माणसांसाठी फुकट सल्ला देणाऱ्या एखाद्या केंद्रात बसायचं, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी पदवी हवी. पहिल्या टप्प्याच्या बाकीच्या विषयांत ती सुटली होती. फक्त राज्यघटनेच्या पेपरात दोनदा नापास झाली होती. एका विषयाला तीन संधी, असा नियम होता. म्हणजे ही शेवटची. या वेळी गेली तर तिचं शिक्षण तिथेच संपणार होतं.

तिने हे मला दुसऱ्याच शनिवारी सांगितलं, पोह्याचा डबा खाता खाता. सांगून झाल्यावर म्हणाली, "टीचर, तू मला पास कर." मी म्हटलं, "करते." इतक्या सहज म्हटलं मी ते.

मग वर्षभर दर बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ती माझ्याकडे यायची. बुधवार आला की मी सकाळपासून घर आवरायला घ्यायचे. नवरा येणार असला तरी मी इतकं आवरलं नसेल. ती येताना कधी अननस आणायची, कधी तांदळाच्या मऊ वड्या. आम्ही जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरायचो आणि मी तिला इंग्लंडची राज्यघटना समजावायचे. कुठल्याही एका पुस्तकात लिहून न ठेवलेली राज्यघटना. सिस्टर म्हणायची, "आमच्या इस्पितळात असं चाललं असतं तर पेशंट मेले असते. तिथे सगळं लिहून ठेवावं लागतं." मी हसायचे. कित्येक महिन्यांत मी त्या टेबलाशी हसले नव्हते.

सिस्टरची गोची होती ती नव्या सुधारणांपाशी. जुनं तिला जमायचं: राणी, संसद, पंतप्रधान, संकेत. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या लोकांनी जी मोडतोड केली होती ती तिच्या डोक्यात बसेना. स्कॉटलंडला वेगळं विधिमंडळ, वेल्सला वेगळं, आणि इंग्लंडला मात्र काहीच नाही. मानवी हक्कांचा कायदा केला, पण एखादा कायदा त्याच्याशी विसंगत असला तरी न्यायाधीशांनी तो रद्द करायचा नाही, नुसतं 'हा विसंगत आहे' म्हणून सांगायचं. उमरावांच्या सभागृहातून वंशपरंपरेने बसणारे शेकडो उमराव एका फटक्यात काढले, पण ब्याण्णव ठेवले, पुढच्या टप्प्यापर्यंत म्हणून. तो पुढचा टप्पा काही येईना. त्या ब्याण्णवांतला एक मेला की त्याच्या जागेसाठी म्हणे निवडणूक, आणि उभं राहायचं तेही उमरावांनीच. सिस्टर वैतागून म्हणायची, "हे लोक घर झाडायला घेतात आणि अर्ध्यात चहा प्यायला बसतात, लाह." वाक्याला 'लाह'चं शेपूट लावायची इथली पद्धतच.

आणि मग ते सगळ्यात जाडं प्रकरण. लॉर्ड चॅन्सलर आणि नवं सर्वोच्च न्यायालय. आमच्या पुस्तकात त्याची चांगली पन्नास पानं होती, तळटीपांसकट. घाट चढायच्या आधी मी वर बघते, तशी सिस्टर त्या पानांकडे बघायची.

आता माझी लबाडी सांगते. लबाडी म्हणायची की सवय, तुम्हीच ठरवा.

मी पुण्यातल्या शाळेत पहिली येणारी मुलगी होते. आमच्याकडे अभ्यास दोन तऱ्हांनी व्हायचा. एक म्हणजे अपेक्षित प्रश्न. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायचं, कुठला धडा कधी येऊन गेला ते बघायचं, आणि जो गेल्याच वर्षी येऊन गेला तो यंदा येत नाही असं धरून सरळ ऑप्शनला टाकायचा. दहावीपासून बी.कॉम.पर्यंत मी एकही पुस्तक पूर्ण वाचलं नाही आणि एकदाही तोंडावर पडले नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे लपवणं. परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मैत्रिणी विचारायच्या, "झालं का गं सगळं?" की आम्ही सगळ्याजणी एका सुरात, "छे गं, काहीच झालं नाही, मी तर आज नापासच होणार." त्यातली प्रत्येकजण पहाटे चारला उठून दोन उजळण्या करून आलेली असायची. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. माझ्या आईनेच मला शिकवलं होतं, विचारलं तर सांगायचं, काही झालं नाही म्हणून.

तर परीक्षेला महिना उरला तेव्हा मी मागच्या सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका मांडल्या, वहीत तक्ता केला, आणि सिस्टरला सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाचं प्रकरण गेल्याच वर्षी येऊन गेलंय. यंदा येत नाही. ऑप्शनला टाक.

तिला 'ऑप्शनला टाकणं' समजावून सांगावं लागलं. मग ती तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "पण टीचर, सगळ्यात नवीन गोष्ट तीच आहे. ते विचारणार नाहीत?"

"नाही विचारणार. मी आयुष्यभर असेच पेपर दिलेत."

"तूही नाही वाचणार?"

"मी कशाला वाचू? तेवढ्यात बाकीच्यांच्या दोन उजळण्या होतील."

तिचा जीव भांड्यात पडला. पन्नास पानं कमी झाली म्हणून तिने मला त्या दिवशी खाली नेऊन आइसकाचांग खाऊ घातलं, बर्फाचा डोंगर, वर रंगीत पाक. मीही मिटक्या मारत खाल्लं. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच वाचायचं नव्हतं, आणि खरंच वाटत होतं की ते येणार नाही. तिच्या शेवटच्या संधीवर मी माझा दहावीचा हिशोब लावतेय, हे मात्र मनात आलं नाही. आलं असेल तर मी ते झटकलं.

परीक्षा दुपारी अडीचला होती. मी सकाळी सहाला उठले. आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, चहा टाकला. आणि चहा उकळत असताना एकदम मनात आलं. समजा आलंच तर? चहाचा कप घेऊन मी टेबलाशी बसले आणि ते प्रकरण उघडलं. म्हटलं, नुसतं चाळू.

चाळता चाळता मी त्यात अशी घुसले की चहावर साय धरली. सगळ्या वर्षात मी वाचलेलं सगळ्यात मजेदार प्रकरण ते. लॉर्ड चॅन्सलर म्हणजे एकच माणूस, तो मंत्रिमंडळात बसणार, तोच उमरावांच्या सभागृहाचा सभापती, आणि न्यायाधीशांचा मुख्यही तोच. आमच्या पुण्याच्या सोसायटीचा सेक्रेटरीच चेअरमन आणि तक्रारी ऐकणाराही तोच असावा, तसं. शेकडो वर्षं हे चाललं. मग एके दिवशी सरकारने जाहीर करून टाकलं की हे पदच रद्द. नंतर कळलं की ते असं नुसतं जाहीर करून रद्द होत नाही, कितीतरी कायद्यांत त्याचं नाव घातलेलं आहे. मग पद ठेवलं आणि अधिकार काढून घेतले. न्यायाधीश नेमायला स्वतंत्र आयोग आला. आणि देशातलं सगळ्यात वरचं न्यायालय, जे तोवर संसदेच्या इमारतीतच, उमरावांच्या सभागृहाची एक समिती म्हणून बसायचं, ते उठून समोरच्या चौकापलीकडच्या इमारतीत गेलं. तेच न्यायाधीश, तेच काम, तेच अधिकार. मग बदललं काय? पुस्तकात यावर दोन्ही बाजूंची भरपूर भांडणं होती. एक म्हणायचे, नुसती पाटी बदलली. दुसरे म्हणायचे, थांबा, वेगळं राहायला लागले की न्यायाधीश हळूहळू धीट होतील.

मला दुसऱ्यांचं पटलं. मी सासरच्या एकत्र घरातून सिंगापूरला वेगळ्या बिऱ्हाडात आले होते. नवरा तोच, भांडीसुद्धा निम्मी तीच. पण पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना फोनवर 'नाही जमणार' असं म्हणाले होते, जे एका छपराखाली असताना नऊ वर्षांत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मी समासात पेन्सिलीने तसं लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

तेवढ्यात फोन वाजला. सिस्टर. साडेआठ वाजले असतील.

मी उचलला नाही. पुन्हा वाजला. मी तो पालथा घालून सोफ्यावरच्या उशीखाली ठेवला. उशीखालून त्याची घरघर ऐकू येत होती. तिसऱ्यांदा वाजून बंद पडला आणि मी पुढचं पान उलटलं.

का नाही उचलला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. तिला घाबरवायचं नव्हतं म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. शेवटच्या दिवशी नवं प्रकरण काढलं तर तिचा गोंधळ उडेल, वगैरे. ते खोटं आहे. एक तर मला लाज वाटत होती, इतक्या तोऱ्यात सांगितलं आणि आता स्वतःच वाचत बसलेय. आणि दुसरं, जे त्याहून वाईट आहे, मला बरं वाटत होतं. कुणाला माहीत नसताना आपण थोडं जास्त वाचतोय, याचं ते जुनं सुख. शाळेच्या फाटकाशी असायचं तेच. माझी एकुलती एक मैत्रीण फोन करत होती आणि मी तिच्या पुढे एक पाऊल टाकण्यात रमले होते. ती नापास व्हावी असं मला मुळीच वाटत नव्हतं, देवाशपथ. मला फक्त माझं थोडं जास्त हवं होतं.

पूर्वेकडच्या एका भल्यामोठ्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये परीक्षा होती. बाहेर घामाच्या धारा आणि आत एसीने दात वाजत होते. सिस्टर माझ्यापुढे चार रांगा सोडून बसली होती. वळून तिने मला अंगठा दाखवला. मीही दाखवला.

पेपर हातात आला. आठातले चार प्रश्न लिहायचे होते. पहिल्यात लॉर्ड चॅन्सलर आणि न्यायालयीन नेमणुका. पाचव्यात, नवं सर्वोच्च न्यायालय म्हणजे नुसता जागेचा बदल की सत्तेचा, चर्चा करा. उमरावांच्या सभागृहावर एक होता, त्यातही निम्मा भाग न्यायाधीश तिथून हलले त्याचा. बाकीच्यांतले सिस्टरला पक्के येतील असे जेमतेम दोन होते. मी मान वर केली. सिस्टरने पेन खाली ठेवलं होतं. पाठीवरून माणूस काय करतोय ते कळतं. ती प्रश्नपत्रिका पहिल्यापासून पुन्हा वाचत होती. मग तिने पेन उचललं आणि लिहायला लागली, अगदी सावकाश, अक्षर नीट काढत, जसं इस्पितळात पेशंटचे कागद भरत असेल.

मी मात्र सुसाट सुटले. वेगळ्या बिऱ्हाडाचा मुद्दा मी इंग्रजीत सभ्य शब्दांत मांडला. तीन तास कसे गेले कळलं नाही.

बाहेर आलो तर ती एका बाकावर बसून बूट सैल करत होती. मला बघून हसली. "आपण दोघी बुडालो, टीचर," म्हणाली. "तुझा तक्ता चुकला."

मी म्हटलं, "सॉरी."

"तू काय करणार. तुझंही तेच झालं." मग म्हणाली, "सकाळी मी तुला फोन केला होता. आज सुट्टी काढली होती, हातात चार तास होते. म्हटलं, ते प्रकरण एकदा बघून घेऊ का, हे तुला विचारावं. तू उचलला नाहीस. मग मला वाटलं, ही निवांत झोपलीय. टीचर झोपलीय म्हणजे काळजी नाही. म्हणून मीही पडले जरा."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "हो, झोपले होते."

ते शब्द तोंडातून निघाले आणि मी तिच्याकडे बघितलं. पण ती बूट बांधण्यात गुंतली होती.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. बुधवारी ती आता येत नव्हती, अभ्यास संपला होता ना. अधूनमधून मेसेज करायची, आईला बरं नाही, आज ड्यूटी लांबली, जेवलीस का. मी उत्तर द्यायचे. नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, पेपर कसे गेले. मी म्हटलं, बरे. सांगावंसं वाटत होतं, पण मागे इंजिनाचा आवाज, तो ओरडून बोलणार, मी ओरडून सांगणार, की मी मैत्रिणीचा फोन उशीखाली ठेवला. असलं काही ओरडून सांगता येत नाही. बाराव्या मजल्यावरच्या त्या घरात मी आणि ते खोटं, एवढेच राहिलो. माणूस नसल्याचं एकटेपण मला ठाऊक होतं. हे वेगळं होतं आणि जास्त वाईट होतं.

मी जुळवाजुळवही करून पाहिली. कदाचित ती दोन-तीन उत्तरांवर निघेल. कदाचित तपासणारा दयाळू असेल. कदाचित संस्था आणखी एक संधी देईल. मी देवाला नारळ बोलले, तिच्यासाठी. माझ्यासाठी बोलायची गरज नव्हती, माझा पेपर उत्तम गेला होता.

निकाल लागला. मी त्या विषयात वरच्या श्रेणीत पास झाले. सिस्टरचा मेसेज आला: "मी गेले. तू?" मी तासभर फोन हातात धरून बसले आणि मग लिहिलं, "पास." तिचं लगेच उत्तर आलं, "वा, टीचर. रविवारी येते."

रविवारी ती आली, अननसाच्या वड्यांचा डबा घेऊन, माझं अभिनंदन करायला. इस्पितळातले कपडे नव्हते. फुलाफुलांचा ब्लाउज घातला होता, मी पहिल्यांदाच पाहिला. संस्थेने तिला पत्र पाठवलं होतं. शेवटची संधी झाली, आता नाही. ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं, आणि म्हणाली, आईला आता जास्त वेळ देता येईल. मी चहा केला. ओतताना तो बशीत सांडला.

चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "एक काम कर. ते प्रकरण मला समजावून सांग."

"आता कशाला?"

"आता परीक्षा नाही, म्हणून. एवढं वर्ष वाचलं आणि तेवढंच राहिलं. आमच्या देशाचे खटलेसुद्धा पूर्वी शेवटी लंडनलाच जायचे, नव्वदच्या दशकात बंद झालं ते, मला आठवतं. त्यांनी स्वतःच्या घरात काय बदललं ते मला जाणून घ्यायचंय. तुला जेवढं येत असेल तेवढं सांग."

मला सांगता आलं असतं की मला काही येत नाही. ते सोपं होतं. पण समोर ती बसली होती, वही उघडून, पेन धरून, दर बुधवारी बसायची तशी, आणि मला तिला शिकवायची इतकी सवय झाली होती, आणि इतके दिवस मी कुणाशी बोलले नव्हते, की मी बोलायला लागले. लॉर्ड चॅन्सलरच्या तीन खुर्च्या सांगितल्या. पद रद्द करायला गेले आणि तोंडघशी पडले ते सांगितलं. ती खळखळून हसली. नेमणुकांचा आयोग सांगितला, त्यात कोण कोण बसतं ते सांगितलं. न्यायालयाचं बिऱ्हाड चौकापलीकडे कसं हललं, एक बाजू काय म्हणते, दुसरी काय म्हणते, कुठल्या वर्षी कुठला कायदा. पुस्तक माझ्यापुढे नव्हतं. ते आतल्या खोलीत होतं. मी क्रमाने, न अडखळता, तळटीपांसकट सांगत होते. वर सासूबाईंचंही सांगितलं.

मध्येच कधीतरी माझ्या लक्षात आलं की ती लिहायची थांबली आहे.

ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही. पेशंटकडे बघतात तसं, नीट.

"हे तू कधी वाचलंस?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "त्या दिवशी सकाळी."

"मी फोन केला तेव्हा?"

"हो. वाचत होते."

ती उठली. दोन्ही कप उचलून सिंकपाशी गेली आणि धुऊन पालथे घातले. मी म्हटलं, राहू दे, मी करते. तिने ऐकलं नाही. हात पुसले, वही पिशवीत टाकली, दाराशी जाऊन बूट घातले. मी मागे मागे गेले. मला वाटलं, आता ही बोलेल, चांगलं झाडेल मला, आणि मी रडेन, आणि मग काहीतरी होईल. मला तिने झाडायला हवंच होतं.

दारातून वळून ती म्हणाली, "उचलायचा होतास गं. मार्क दोघींना पुरले असते."

लिफ्ट आली आणि ती गेली. पुढच्या बुधवारी मी दिवसभर घरात थांबले.